ठाणेदाराचे दहा दिवस

मांजर पकडायला निघताना अब्रू घरी ठेवून जावी. ती सोबत असली की वाकता येत नाही. एका हातात सुक्या मासोळ्यांची पुडी, खांद्यावर बारदाना, बाजूला लोखंडी पिंजरा, आणि सत्तरीला टेकलेली बाई गोदामामागच्या बोळीत ओणवी होऊन 'पिस् पिस्' करते आहे, अशा स्थितीत माझ्या व्याह्यांनी मला दोनदा पाहिलं आहे. पहिल्यांदा त्यांनी 'तब्येत बरी ना?' असं विचारलं. दुसऱ्यांदा ओळखच दाखवली नाही.

माझी सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात झाली. पद परिचराचं. म्हणजे सुई डॉक्टरांनी टोचायची आणि लाथ आपण खायची. गाय खोड्यात उभी करणं, जखमा धुणं, सुया उकळणं, घटसर्पाच्या लसी घेऊन बर्फाच्या डब्यासकट गावोगाव हिंडणं, शिवाय साहेबांचा चहा. आमचा मुलूख धानाचा. इथं बैल, म्हैस, बकरी, अगदी कोंबडीलाही दवाखान्यात मान. मांजराला नाही. म्हैस दूध देते ते सगळ्यांना दिसतं. मांजर रातभर पोत्यांवरचे उंदीर मारतं, ते पाहायला कोणी जागं नसतं.

त्यात मांजर बिनमालकाचं असलं तर बघायलाच नको. केसपेपर काढताना पहिला प्रश्न मालकाच्या नावाचा. मालक नाही तर रोगी नाही. मग मी माझ्या सासूबाईंचं नाव सांगायची. सासूबाईंना मांजराचा इतका तिटकारा की ते आडवं गेलं तर त्या परत घरात येऊन पाणी पिऊन निघत. आणि सरकारदरबारी गावातली निम्मी मांजरं त्यांच्या मालकीची! त्या गेल्यावरही मी सवयीनं त्यांचंच नाव देत राहिले. शेवटी नव्या आलेल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आजी, या बाईंना एकदा भेटायचंय मला. केवढं प्रेम आहे हो त्यांचं!" तेव्हा कुठे बंद केलं.

आता तरुणपणीच्या सुलोचनेबद्दल, म्हणजे माझ्याचबद्दल, दोन शब्द, कारण तिची फजिती सांगायला मला फार आवडतं. नुकती नोकरीला लागलेली, वेणी घट्ट आणि अक्कल सैल. जनावर ते जनावर, लहान काय नि मोठं काय, असं तिचं मत. कुठल्याही जनावराच्या तोंडाला लाळ दिसली की ती साहेबांच्या आधी 'खुरकूत!' असं गुरांच्या रोगाचं नाव ठोकून मोकळी व्हायची. एकदा तर झोपलेल्या चौकीदाराला पाहूनही म्हणाली होती. एक दिवस बाजारातल्या भाजीवालीनं टोपलीखाली झाकून पिवळी मांजर आणली. शेपटीच्या मुळाशी जखम, जखमेत अळ्या. साहेबांनी विचारलं, "धरता येईल का?" सुलोचना म्हणाली, "साहेब, मी बैल पाडते."

हे खोटं नव्हतं. दोर कसा आवळला की बैल आपणहून बसतो, ते तिला येत होतं. तिनं तोच दोर घेतला, तीच गाठ घातली. मांजरीनं गाठीकडे पाहिलं, मग सुलोचनेकडे पाहिलं. पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की साहेब टेबलावर उभे होते, भाजीवाली रस्त्यावर होती, मांजर औषधाच्या कपाटावर होती आणि दोर सुलोचनेच्या पायात होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मांजर खाली उतरली नाही. तोवर औषध मागायला आलेल्या प्रत्येकाला आम्ही 'कपाट बिघडलंय' म्हणून परत पाठवलं. मागाहून साहेब म्हणाले, "सुलोचना, बैल पाडतात. मांजराला पटवतात."

ते पटवणं मी शिकले निवृत्तीनंतर. गोंदियाच्या एका वेल्डिंगवाल्याकडून पिंजरा करून घेतला. तो बिचारा फाटकं करणारा, त्याला सवय नाही. त्यानं पिंजऱ्याच्या दारावर कमळ काढून दिलं. आत मागच्या बाजूला मासोळी ठेवायची, मधे एक फळी. फळीवर पाय पडला की दार खाली. दार पडलं की लगेच वर बारदाना टाकायचा, कारण अंधार झाला की मांजर शांत होतं. वाट पाहताना मात्र मांजराकडे पाहायचं नाही. पाठ करून बसायचं, आपल्याला तुझ्यात काहीच रस नाही, असं दाखवायचं. लग्नाआधी मुली असंच करत असत, त्यामुळे मला जमतं.

आता ठाणेदाराकडे येते.

हिरालाल हा आमच्या गावचा धानाचा व्यापारी. वय पन्नाशीचं, पोट त्याहून मोठं. मला काकीजी म्हणतो. त्याच्या गोदामात पाच-सहा मांजरं राहतात. पाळलेली नाहीत, आपली येऊन राहिलेली. त्यांचा पुढारी एक राखाडी बोका, गालफडं भरलेली, एक डोळा अर्धा मिटलेला. सकाळ-संध्याकाळ पोत्यांच्या थप्प्यांवरून गस्त घालायचा, म्हणून हमालांनी त्याचं नाव ठेवलं ठाणेदार. हिरालालला तो डोळ्यासमोर नको, पण गोदामात हवा. दिसला की चप्पल फेकायचा.

गेल्या हंगामात, हलकं, म्हणजे लवकर निघणारं, धान नुकतंच यायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. वजनकाट्यावर पोतं चढवलेलं आणि पोत्यावर ठाणेदार बसलेला. धान विकायला आलेला शेतकरी म्हणाला, "राहू द्या जी शेठ, बोक्यासकट मोजा." सगळे हसले. हिरालालला राग आला. त्यानं ठाणेदाराला मानेला धरून उचललं, आणि ठाणेदारानं त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी दात रुतवले. खोल. हाड लागेपर्यंत.

निरोप मिळून मी पोचले तेव्हा हिरालाल ओट्यावर बसला होता आणि त्याची बायको शकुन त्या जखमेवर तिखट दाबत होती. शकुनचं तोंड म्हणजे मळणीयंत्र. एकदा सुरू झालं की समोरच्याचा कोंडा होतो.

"चप्पल फेकून भागत नोयतं काय? हात कायले घातला? देवानं डोस्कं देलं तं ते टोपी घालाले देलं काय?"

"अवो, आग होऊन राहिली..."

"होऊ दे!"

मी आधी तिखट थांबवलं. हिरालालचा हात हापशाखाली धरला आणि साबण लावून धूत राहिले, तो 'बस्स काकीजी, बस्स' म्हणेपर्यंत आणि त्यानंतरही बराच वेळ. चावल्यावर पहिलं औषध हेच. तिखट, चुना, हळद यातलं काही नको. नुसतं साबण आणि वाहतं पाणी, आणि मग थेट सरकारी दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी सुया दिल्या, पुढच्या तारखा सांगितल्या, आणि विचारलं, "बोक्याच्या तोंडातून लाळ येत होती का?"

हिरालाल आठवायला लागला आणि त्याचा चेहरा उतरला. "येत होती जी. दोन दिवसापासून गळून राहिली. खाऊनबी नोयता राहिला."

डॉक्टर म्हणाले, "सुया तुम्हाला पूर्ण घ्यायच्याच आहेत. पण त्या बोक्यावर दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवस जिवंत आणि चांगला राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत पिसाळण्याचा रोग नव्हता असं समजायचं."

आम्ही घाईनं गोदामावर आलो. मंगरू हमाल बिडी पीत बसला होता. त्याला म्हटलं, "ठाणेदार कुठंय?"

मंगरू अभिमानानं म्हणाला, "टाकून आलो."

"कुठं टाकून आला?"

"नदीपल्याड. मध्य प्रदेशात."

इथं बाहेरच्यांना आमची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे मांजर मारत नाहीत. मारलं तर सोन्याचं मांजर घडवून काशीला दान द्यावं लागतं, असं आमच्या आज्या सांगत. म्हणून नकोसं मांजर पोत्यात घालून पुलापलीकडे सोडतात. पाणी ओलांडलं की मांजराला वाट सापडत नाही आणि पापही दुसऱ्या राज्यात जमा होतं. गंमत अशी की पलीकडचे लोकही हेच करतात. त्यांची नकोशी मांजरं आपल्या काठावर. अशी ही देवाणघेवाण कित्येक पिढ्या चाललेली आहे. मी नोकरीत बरे केलेले किती बोके अशा रीतीनं परराज्यात गेले असतील कोण जाणे.

हिरालाल मटकन खाली बसला. "कायले नेलास बे?"

"तुमीच तं सांगतलं, शेठ! हात झटकून झटकून सांगतलं, याले आत्ताच्या आत्ता पल्याड टाक म्हून!"

"मंग माहा जीव पल्याड टाकून आला तू!"

मी म्हटलं, रडणं नंतर. गाडी काढ.

हिरालालचा छोटा टेम्पो निघाला. मंगरू चालवायला, मधे मी, कडेला पट्टी बांधलेला हिरालाल, मागे कमळवाला पिंजरा. पूल ओलांडला. मग हिरालाल बाहेर पाहत म्हणाला, "काकीजी, मी सात-आठ वर्साचा असन. माह्या मामाले कुत्रं चावलं होतं. कोनी सुई देल्ली नाई, झाडफूक केली. शेवटी बाजीले बांधून ठेवलं. पानी पाहून ओरडे. आमी पोरं खिडकीतून पाहत होतो. मामीलेबी जवळ जाऊ देल्लं नाई." मग हातावरच्या पट्टीकडे पाहत म्हणाला, "मले बांधाल तं शकुनले तिथं राहू देजा. ती आयकनार नाई."

यावर मला विनोद सुचला नाही. मला, आणि विनोद सुचला नाही! मी त्याला एवढंच सांगितलं, की तुझ्या मामाला सुई मिळाली नव्हती, तुला तासाभरात मिळाली आहे. त्यानं मान हलवली, पण ते ऐकलं असं वाटलं नाही. माणसाला शास्त्र कानानं कळतं. पोटाला कळत नाही. पोटाला बोका जिवंत दिसायला हवा होता.

मंगरूनं जागा दाखवली. रस्त्याच्या कडेला शेत, शेतात कापलेल्या धानाचं पुंजणं, म्हणजे पेंढ्यांचा मोठा गोल ढीग, आणि जवळ एक झोपडी. नवख्या जागी सोडलेलं मांजर पळत सुटत नाही. ते जवळच दडी मारतं. हे मला माहीत होतं, म्हणून माझा थोडा तरी धीर होता. मी पिंजरा पुंजण्याच्या आडोशाला लावला आणि तिघं पाठ करून बसलो.

झोपडीतून एक म्हातारा आला. "क्या देख रहे हो?"

"बिल्ला ढूंढ रहे हैं," मंगरू म्हणाला.

"महाराष्ट्र से आए बिल्ला ढूंढने?"

"बहुत जरूरी बिल्ला है," हिरालाल म्हणाला. त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, म्हाताराही आमच्या शेजारी पाठ करून बसला.

खट् करून दार पडलं. आत पांढरी मांजर. सोडली. पुन्हा खट्. आत मुंगूस, आणि मासोळी संपलेली. त्यालाही सोडलं, ते जाताना आमच्यावर उपकार केल्यासारखं चालत गेलं. हिरालाल म्हणाला, "काकीजी, तुमी याच्या आधी किती बोके पकडले?" मी म्हटलं, "तू वळून पाहू नको." दिवस कलला. मासोळीची शेवटची चिमूट उरली होती. तिसऱ्यांदा दार पडलं तेव्हा वळायचं धाडस कोणी करेना. शेवटी म्हाताराच वळला. म्हणाला, "एक आँख आधी बंद है?"

हिरालालनं त्या म्हाताऱ्याचे पाय धरले.

बोका तर मिळाला, पण तो चांगला नव्हता. हनुवटी लाळेनं ओली, पोट खपाटीला. डॉक्टर मॅडम माझ्या घरी आल्या. मॅडम नगरकडच्या, वयानं माझ्या नातीएवढ्या. त्यांनी पिंजरा गोठ्यात एका बाजूला ठेवायला सांगितला. लाळेला कोणी हात लावायचा नाही. अन्न-पाणी लांब दांड्याच्या पळीनं, आणि तेही फक्त मी, कारण नोकरीपासून मी पिसाळण्याच्या रोगावरच्या लसी घेतलेल्या आहेत.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या गोठ्यात जत्रा. ज्या हमालांनी ठाणेदाराला दगड मारले होते ते दूध घेऊन येऊ लागले. शकुननं मारुतीला नवस केला. बोक्यासाठी नवस करावा की नवऱ्यासाठी, यावर पुजाऱ्याशी तिचा वाद झाला. शेवटी दोघांचा मिळून एक नारळ ठरला. हिरालाल रोज सकाळी पिंजऱ्यापासून चार हात दूर उकिडवा बसायचा आणि विचारायचा, "ठाणेदारसाहेब, आज कसं वाटून राहिलं जी?" आयुष्यभर चप्पल फेकली, आता साहेब आणि जी!

ठाणेदार खात नव्हता. माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. मी कोणाला सांगितलं नाही, पण तरुण सुलोचना परवडली, निदान तिनं 'खुरकूत' म्हणून सगळ्यांना मोकळं केलं असतं. बोका मेला तर हिरालालला काय सांगायचं, याचीच मी तालीम करत होते.

तिसऱ्या दिवशी मॅडम बराच वेळ उभ्या राहून पाहत होत्या. मी पळीनं मासोळी सरकवली. ठाणेदार उठला, हुंगली, तोंडात घेतली, आणि टाकून दिली. मग पंजानं स्वतःचं तोंड ओरबाडलं.

"आजी, याला खायचंय," मॅडम म्हणाल्या. "भूक आहे. तोंडात काहीतरी अडकलंय याच्या."

"मग काढू या."

"पिसाळलेला नाही असं अजून म्हणता येत नाही. पूर्ण काळजी घेऊन काढू."

जाड हातमोजे, तोंडाला पट्टी, डोळ्यांवर चष्मा. पिंजऱ्यात फळी सरकवून बोक्याला एका बाजूला दाबून धरलं आणि मॅडमनी जाळीतून गुंगीची सुई दिली. तो लवंडल्यावर त्यांनी चिमट्यानं जबडा उघडला. जिभेच्या मुळाशी पांढरा धागा गुंडाळलेला, मांसात रुतलेला. पोत्याचं तोंड मशीननं शिवतात ना, तो. कोणीतरी त्याच पोत्यावर जेवायला बसलं असेल, धाग्याला मासोळीचा वास लागला असेल. धाग्याचं एक टोक घशात उतरलेलं होतं.

मी पुढे सरसावले. "टोक दिसतंय, ओढते."

"आजी! ओढायचं नाही!" मॅडम इतक्या जोरात ओरडल्या की गोठ्यातली गाय उभी राहिली. "आत आतड्यापर्यंत गेला असेल तर ओढल्यावर आतडं चिरतं."

इतक्या वर्षांची नोकरी, आणि सुलोचना अजून दोर दिसला की ओढायला निघते! मी हात मागे घेतला. मॅडमनी जिभेभोवतीचा फास कापून सोडवला, मग घशातलं टोक चिमट्यात धरून अगदी हलकेच अंदाज घेतला. ते सैल होतं. बोटभर धागा अलगद बाहेर आला. आत उतरला असता तर पोट उघडायला नागपूर गाठावं लागलं असतं.

संध्याकाळी ठाणेदारानं पातळ खिमट चाटलं. दुसऱ्या दिवशी मासोळी खाल्ली. मी धावत जाऊन हिरालालला सांगितलं, लाळेचं कारण सापडलं. त्याला आनंद झाला, पण पुरता नाही. "दहा दिवस म्हन्ले होते ना जी डाक्टर?" म्हटलं, हो, चावला आहे म्हणजे दहा दिवस धरायचेच. "मंग दहा झाल्यावर हासीन."

मधल्या दिवसांत मॅडमनी पुढचं ठरवलं. दहा दिवस नीट गेले की लस, नसबंदी, आणि खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापायचं, म्हणजे पुन्हा कोणी त्याला त्याच कामासाठी पकडणार नाही. हिरालाल मला कोपऱ्यात घेऊन गेला. "काकीजी, कानाचं ठीक हाय. पन ते दुसरं... राहू द्याल काय? मरदासारखा मरद हाय." मी म्हटलं, गोदामात पुढल्या वर्षी तीस मांजरं हवीत का? त्यानं विचार केला. म्हणाला, "त्याले आधी सांगू नका."

दहाव्या दिवशी तो उजाडताच आला, एकटाच. मी अजून गोठा झाडायला घेतला नव्हता. पिंजऱ्यावर बारदाना होता. आतून काही आवाज नाही.

"काकीजी, हालचाल नाई दिसून राहिली."

मी बारदान्याचा कोपरा उचलला. ठाणेदार भिंतीकडे तोंड करून वेटोळं घालून पडला होता. पोट हलतंय की नाही, कळेना. हिरालाल म्हणाला, "ठाणेदारसाहेब." काही नाही. "ओ साहेब." काही नाही. रात्री पोटभर खाऊन सकाळी ताठ झालेली जनावरं मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत.  हिरालालकडे पाहायची माझी हिंमत होईना.

एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. बँडचं गाणं, पूर्ण आवाजात.

ठाणेदार जागच्या जागी फिरला, जाळीवर आदळला आणि हिरालालच्या तोंडासमोर असा फिसकारला की कमळवालं दार थरथरलं. कान मागे, सुळे बाहेर, शेपटी बाटलीच्या ब्रशासारखी. हिरालाल मागच्या मागे शेणात बसला. बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे वाहायला लागले, तरी हसतच होता. शेणाच्याच हातानं त्यानं फोन उचलला.

"शकुन! आयकून राहिली काय? शिव्या देऊन राहिला मले! आयक, आयक!" आणि त्यानं फोन पिंजऱ्यासमोर धरला. ठाणेदारानंही कमी केलं नाही.

पलीकडे शकुन बराच वेळ काहीच बोलली नाही. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"त्या मुडद्याले सांगा," ती कडाडली, "तुमाले शिव्या द्याचा हक माह्या एकटीचा हाय म्हून!"

फोन स्पीकरवर होता. ठाणेदार मुकाट्यानं खाली बसला.